सांत्वनाची चिठ्ठी

त्या रविवारी पाळकसाहेबांनी तीन चिठ्ठ्या वाचल्या. पहिली कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची, दुसरी माझ्या बहिणीच्या मुलाची, आणि तिसरी माझ्या मेलेल्या बाळाची. माझं कुठलंही बाळ मेलेलं नाही. मला एक मुलगी आहे, मैत्री, पाच वर्षांची, आणि ती त्या वेळी चर्चच्या मागच्या खोलीत संडे स्कूलमध्ये कागदी मेंढरांना कापूस चिकटवत होती. तरीही ‘आपल्या भगिनी तनुजा रोहन भालेराव यांचं नवजात बाळ प्रभूने आपल्याजवळ नेलं, त्यांच्या सांत्वनासाठी’ हे शब्द कानावर आले तेव्हा मी ‘अहो, काहीतरी चुकतंय’ म्हणून उठले नाही. छातीत काहीतरी सैल झालं आणि मी रडायला लागले, एवढंच आठवतं. शेजारी बसलेल्या रोहनने आधी माझ्याकडे, मग व्यासपीठाकडे पाहिलं. दोन बाकं पुढे माझी बहीण दीपाताई बसली होती, पिवळ्या दुपट्यात बाळ घेऊन. तिने वळून पाहिलं नाही. तिची मान मात्र ताठ झाली. लहानपणी बरणी फुटली की व्हायची तशी.

आमच्या मंडळीत वचन वाचण्याआधी चिठ्ठ्या वाचतात. दाराजवळच्या टेबलावर कागदाचे तुकडे आणि सुतळीने बांधलेलं पेन ठेवलेलं असतं. ज्याला आभार मानायचेत त्याने आभार लिहावेत, ज्याला मागायचंय त्याने मागावं, आणि ज्याला दुसऱ्यासाठी मागायचंय त्यानेही. माझ्यासाठी विजयमालाबाईंनी मागितलं होतं. या आमच्या मंडळीतल्या जुन्या नर्सबाई. अर्ध्या मंडळीला त्यांनी पहिली अंघोळ घातली आहे आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय त्या सहसा कुणाशी बोलत नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी मला बिबवेवाडीच्या मंडईत गाठलं होतं. मी पोट दिसायला लागल्यापासून चर्चला येणं बंद केलं होतं, पण भाजी आणणं कसं बंद करणार? दुधीभोपळ्याची पिशवी मी पोटापुढे धरली होती. ती त्यांनी एका हाताने बाजूला केली, दुसरा हात पोटावर ठेवला आणि भर मंडईत डोळे मिटून प्रार्थना केली. भाजीवाला वांगी तोलता तोलता थांबला. ‘‘कुणाला सांगू नका हं, बाई,’’ मी म्हटलं. ‘‘आपल्यात दृष्टबिष्ट मानत नाहीत गं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण बरं. नाही सांगत.’’ आणि त्यांनी खरंच सांगितलं नाही. मग त्या नगरला मुलाकडे गेल्या, त्या आत्ता ऑगस्टमध्ये परत आल्या. रविवारी दारातच त्यांनी माझी हनुवटी धरली. ‘‘बाळ कुठंय?’’ कुणी विचारलं तर काय सांगायचं हे आमचं ठरलेलंच नव्हतं, कारण कुणी पाहिलेलंच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मी मान हलवली. डोळे भरले. बाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि त्या टेबलाकडे वळल्या. त्या काय लिहीत होत्या हे मला दिसत होतं. निदान कळत तरी होतं. मी जाऊन माझ्या जागेवर बसले.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला चारदा दिवस राहिले आणि चारही वेळा पोटातलं गेलं. मग कळलं की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरालाच टीबी होऊन गेला आहे. ‘बीज उत्तम आहे, जमीन राहिलेली नाही,’ असं डॉक्टर म्हणाले. शेतकी खात्यातल्या माणसासारखे बोलले, असं ताईच सांगायची आणि हसायची. मंडळीतल्या बायका दर पहिल्या शुक्रवारी तिच्यासाठी उपास धरायच्या. ज्यांना मधुमेह होता त्याही. तेव्हा, मूल दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवलं तर चालेल का हे विचारायला, ती आणि सूरजभाऊजी पाळकसाहेबांकडे गेले, ‘ओळखीतल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे’ असं सांगून. पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि पुष्कळ वेळ विचार करून सांगितलं, की देवाने नवरा-बायकोचा एक देह केला. त्यात तिसरा देह आणायचा तर तो भाड्याने आणा की मायेने आणा, तो देहच असतो, पिशवी नसते. अब्राहामाच्या घरात असंच झालं. बायकोने आपली मिसरी दासी दिली, मूल तर झालं, पण मग त्या दासीचं काय करायचं ते कुणालाच कळेना. ‘‘मग त्या जोडप्याने काय करावं, साहेब?’’ ताईने विचारलं. ‘‘दत्तक घ्यावं. आपल्या सगळ्यांना देवाने दत्तकच घेतलंय ना?’’ कात्रजपर्यंत ताई स्कूटरवर मागे बसून रडत आली. ‘‘दत्तकाच्या यादीत आम्ही चार वर्षं उभे आहोत हे मी त्यांना कसं सांगणार?’’ ती मला म्हणाली. ‘‘जोडपं ओळखीतलं होतं ना!’’

तिने मला कधीच विचारलं नाही. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे. तिच्या कात्रजच्या घरी आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो आणि मी म्हटलं, मी देते ना, ताई. साडी द्यावी तसं. एकदाच नेसलेली आहे, घेऊन जा, तसं. तिने हातातली शेंग मोडली नाही, खाली ठेवली नाही, नुसती धरून राहिली. मला तिचा तो चेहरा पाहून इतकं मोठं वाटलं, आणि त्या मोठं वाटण्याची मला आता लाज वाटते. सरोगसीत कायद्याने कुणाला पैसे घेता-देता येत नाहीत. लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, पंचविशीच्या पुढची नि पस्तिशीच्या आतली बाई हवी, तीही आयुष्यात एकदाच. मी सगळ्यात बसत होते. लहानपणी ताईचे फ्रॉक मला बसायचे, तशी मी आता तिच्या कागदांत नीट बसत होते. रोहनने सही करताना विचारलं, ‘‘नक्की ना?’’ मी म्हटलं, नक्की. तो म्हणाला, ‘‘अनाथाश्रमात पोरं काय शोभेला ठेवलीत, असं मी विचारणार होतो, पण तुझ्या बहिणीकडे बघून विचारवत नाही.’’ त्याने सही केली. मेडिकल बोर्डाचा दाखला आला, कोर्टाचा कागद आला. बीज त्यांचं. माझं त्यात काही नव्हतं; समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी हे मला आकृती काढून दाखवलं. ‘माझं बाळ’ असं मनातसुद्धा म्हणायचं नाही, ‘ताईचं बाळ’ म्हणायचं. मी तसंच म्हणायचे. ताईचं बाळ लाथ मारतंय. ताईच्या बाळाला पेरू हवाय. मैत्रीला आम्ही सांगितलं होतं की मावशीच्या पोटाला बरं नाही म्हणून बाळ आपल्याकडे राहायला आलंय. ती पाहुण्याशी बोलावं तसं पोटाशी बोलायची. ‘‘झोपलात का?’’ विचारायची.

ताई कुणाशीच खोटं बोलली नाही. तिने फक्त घरी राहायला सुरुवात केली. बाकीचं मंडळीने आनंदाने रचलं: उपास फळले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय, कुणी भेटायला जाऊन त्रास देऊ नका. पाळकसाहेबांनी फोनवर तिच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा ती मला म्हणाली, तनू, मी आमेन म्हटलं गं, काय करणार? आणि इथे बिबवेवाडीत मी तिसऱ्या मजल्यावर पाय सुजवून बसलेली. मला त्या दिवसांत शमुवेलाची आई सारखी आठवायची. आम्हाला ती संडे स्कूलमध्ये फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून शिकवली होती: ही निपुत्रिक बाई रडतेय, हे मूल झालं, हे तिने देवाच्या घरी नेऊन दिलं. शेवटच्या चित्रात ती हात हलवत परत जाते. पण ते मूल तिने दूध तुटेपर्यंत जवळ ठेवलं होतं. ते चित्र आमच्या संचात नव्हतं. जूनमध्ये सिझर झालं. छातीपुढे हिरवा पडदा, त्यापलीकडे रडणं, मग रडणं दाराबाहेर गेलं, आणि दाराबाहेरून ताईचा आवाज आला, जो मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी पाहू नये असं ठरलं होतं. ठरवताना मीही मान डोलावली होती. दूध आटण्याच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊनही चौथ्या दिवशी गाऊन भिजला तेव्हा सिस्टर म्हणाली, शरीराला कुठे माहीत असतं, मॅडम, ते आपलं काम करतं. घरी आल्यावर सगळे म्हणाले, सुटलीस बाई एकदाची. सगळ्यांचा आनंद इतका खरा होता की त्यात मला कुठे बसायला जागा सापडेना. रडावं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होणार. दोनदा मी कात्रजला गेले. दोन्ही वेळा ताई दारातच हळू आवाजात म्हणाली, ‘‘आत्ताच झोपलाय.’’ मी चहा पिऊन परत आले. परतताना दूध डेअरीच्या सिग्नलला थांबलं की मी स्वतःला सांगायची, बाळं झोपतातच.

आणि मग ती चिठ्ठी. उपासना संपल्यावर बायका एकेक करून येऊन माझा हात हातात घेऊ लागल्या. धीर धर. तरुण आहेस. त्याच्या मनात काय असेल ते आपल्याला काय कळतं? कुणीतरी विचारलं, ‘‘मुलगा होता की मुलगी?’’ ‘‘मुलगा,’’ मी म्हटलं. कुणीतरी मैत्रीला जवळ घेऊन म्हटलं, भाऊ गेला गं बाळा तुझा. तिच्या हातातल्या मेंढराचा कापूस त्या बाईच्या पदराला चिकटला. पाळकसाहेब म्हणाले, गुरुवारी पाच वाजता तुमच्या घरी सांत्वनाची प्रार्थना ठेवू. तेवढ्यात ताईने माझं मनगट धरून मला मागच्या नळापाशी नेलं. बाळ भाऊजींकडे होतं.

‘‘तू सांगितलंस काही?’’

‘‘नाही. बाईंनी मला एप्रिलमध्ये मंडईत पाहिलं होतं.’’

तिने नळ सोडला आणि उगाच हात धुतले. मग म्हणाली, ‘‘मग राहू दे ना असंच.’’

‘‘काय राहू दे?’’

‘‘ते म्हणतायत तसं. आणखी कुणी तुला पाहिलं असेल तर त्याचंही उत्तर होऊन गेलं. पुढे त्याला कुणी विचारणार नाही, मलाही नाही.’’

‘‘ताई, तो जिवंत आहे. आत्ता भाऊजींच्या खांद्यावर ओकला.’’

‘‘म्हणून तर म्हणते.’’ तिने नळ बंद केला. ‘‘तनू, माझी चार गेली. चारांतल्या एकाचीही कुणी चिठ्ठी वाचली नाही. तीन-तीन महिन्यांची, त्यांना कोण बाळ म्हणतं? आता कुठे हा… लोक त्याला बघून बोटांवर महिने मोजायला लागले तर मी काय करू? पाळकसाहेब बाप्तिस्मा देतील का? दिला तरी कसल्या नजरेने देतील? तुला एक मैत्री आहे.’’

गाडीवर मैत्री पुढे उभी होती. हेल्मेटच्या आतून तिने विचारलं, ‘‘आई, माझा भाऊ होता?’’ मी म्हटलं, नव्हता. ‘‘मग गेला कसा?’’ रोहन म्हणाला, घरी जाऊन बोलू. घरी जाऊन कुणीच बोललं नाही. जेवण झाल्यावर तो म्हणाला, ‘‘गुरुवारी किती माणसं येणार? आणि न झालेल्या मयताला चहा देतात की कॉफी?’’ त्याने खुर्ची ओढली. ‘‘तू का नाही उठलीस, तनू?’’ ‘‘तू का नाही उठलास?’’ त्याने फोन काढला. ‘‘आत्ता सांगतो साहेबांना. एक वाक्य आहे. गैरसमज झाला, म्हणायचं.’’ रिंग वाजायला लागली होती. मी फोन त्याच्या हातातून घेऊन बंद केला. त्याला कसं सांगू, की दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याजवळ येऊन म्हटलं होतं की तुझं काहीतरी गेलं? ते कारण चुकीचं होतं. पण त्या बायकांचे हात गरम होते, आणि मी त्यांतला एकही सोडायला तयार नव्हते.

गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या पायलकडून सहा खुर्च्या आणल्या आणि मैत्रीला तिच्याकडे ठेवलं, कारण मैत्री खरं बोलते. पाळकसाहेब आले, विजयमालाबाई आल्या, महिला मंडळाच्या नऊ बायका आल्या. ताई आली. सख्खी बहीण आली नसती तर लोकांनी विचारलं असतं. आणि बाळाला सोडून येणं शक्य नव्हतं. आल्या आल्या ती पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘कुणी तारीख विचारली तर मे महिन्यातली सांग. कुठलीही.’’ मी ग्लास विसळत राहिले. मग एक गीत झालं. गीतात सगळ्यांचे आवाज होते, ताईचाही. आमच्या घरात गाताना सेकंडचा, खालचा सूर ताईचाच असायचा. गीत संपल्यावर एक बाई म्हणाली, बघा ना, एकाच आईच्या दोन लेकी, एकीची ओटी भरली आणि एकीची… दुसरीने तिला कोपर मारलं.

विजयमालाबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. त्या म्हणाल्या, ‘‘दीपमाला, बाळ जरा तनुजाच्या मांडीवर दे बघू.’’

ताई म्हणाली, ‘‘आत्ताच झोपलाय, बाई.’’

‘‘झोपू दे की. आम्ही वॉर्डात द्यायचो. जिचं गेलं तिच्याकडे शेजारच्या खाटेवरचं पाच मिनिटं द्यायचो. हातांना काहीतरी लागतं गं, नाहीतर वेडी होते बाई. दे.’’

नऊ बायका ताईकडे पाहत होत्या. ती उठली. तिला उठायला किती वेळ लागला ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसेल. तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं, पण एक हात त्याच्या डोक्याखालीच ठेवला, आणि मग तोही काढला.

तो जड होता. मला तो आतून माहीत होता तेव्हा त्याचं ओझं पाठीला असायचं; आता मांडीवर होतं, उबदार, थोडं दमट. त्याला ताईच्या घरच्या तेलाचा वास येत होता. कानाची पाळी भाऊजींसारखी. मी दोन महिने ज्याची भीती बाळगली होती ते आता होणार असं मला वाटलं: तो डोळे उघडेल, माझ्याकडे बघेल आणि ओळखेल, आणि मग मला त्याला परत देता येणार नाही. मी खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं. त्याने डोळे उघडले. आधी खिडकीच्या गजांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जसं पंख्याकडे पाहावं तसं. ओठ वाकडे झाले. तो किणकिणायला लागला. मी ‘अरे अरे’ म्हटलं. त्याने पोटात असताना रोज ऐकलेला आवाज होता तो. त्याने जोरात भोकाड पसरलं. समोरून ताई नुसतं ‘‘काय झालं रे राजा?’’ म्हणाली आणि तो थांबला. मान वळवून तो आवाज शोधू लागला. बायका हसल्या, डोळे पुसत. ‘‘आईचा आवाज बरोब्बर कळतो हो!’’

मी स्वतःच म्हटलं, घे, ताई. जूनमध्ये तो माझ्याकडून पडद्यापलीकडे काढून घेतला होता. आता मी माझ्या हातांनी उचलून दिला. ताईने त्याला घेताना माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एवढी कृतज्ञता आणि एवढी भीती होती की दोन्ही मला नकोशी झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. फार चांगली केली. आईच्या उदरात जे घडलं ते देवाने पाहिलं आहे, जे कुणी पाहिलं नाही ते त्याने पाहिलं आहे, असं ते म्हणाले. मी रडले, माझ्यामागे रोहन भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या घशातूनही आवाज आला. कुणी नाटक करत नव्हतं. माझं बाळ खरंच गेलं होतं. ज्याच्याशी मी पेरू खाताना बोलायचे तो कुठेच नव्हता, आणि समोर ताईच्या मांडीवर शमुवेल सूरज आढाव नावाचा एक मुलगा स्वतःची मूठ चोखत होता.

आमेन झालं. पाळकसाहेबांनी मंडळीची जाड वही उघडली. ‘‘नोंद राहू दे,’’ ते हलक्या आवाजात म्हणाले. ‘‘दरवर्षी त्या दिवशी उपासनेत आपण स्मरण करू. बाळाची तारीख कोणती होती, तनुजाबाई?’’ वहीच्या त्याच पानात घडी घातलेला एक कागद होता. पुढच्या रविवारच्या बाप्तिस्म्याचा अर्ज, ताईच्या टपोऱ्या अक्षरातला, शमुवेलच्या जन्मतारखेसकट. ताईने मान किंचित हलवली. मे. कुठलीही. मला माहीत होतं की दरवर्षी ती टेबलावरच्या कागदावर मुलाच्या वाढदिवसाची उपकारस्तुती लिहील आणि पाळकसाहेब ती वाचतील. मी सगळं दिलं होतं. तो मेला, असंही म्हणू दिलं होतं. एवढं एक माझ्याकडे उरलं होतं.

‘‘सतरा जून,’’ मी म्हटलं.

पाळकसाहेबांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी घडीच्या कागदाकडे पाहिलं. मग ताईकडे. मग बराच वेळ माझ्याकडे. ताईचं ते ‘ओळखीतलं जोडपं’ त्यांना आता दिसत होतं, आणि तिसरा देहही. खुर्ची करकरली.

‘‘लिहा ना, साहेब,’’ विजयमालाबाई म्हणाल्या. ‘‘सतरा जून म्हणतेय ती.’’

त्यांनी लिहिलं. सावकाश, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर.

‘‘वेळ पण लिहा,’’ मी म्हटलं. ‘‘सकाळी अकरा चाळीस.’’

ताईने बाळाचं डोकं छातीशी घेतलं आणि त्याच्या उघड्या कानावर तळहात ठेवला.